दातांच्या दवाखान्यासाठी भाड्याची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीडीएस किंवा एमडीएस होऊन दोन-चार वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीवर काम केलं की स्वतःच्या दवाखान्याचे वेध लागतात. मग ओळखीतल्या ज्येष्ठांना फोन सुरू होतात. मी पुण्यात दोनदा जागा भाड्याने घेतली. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा कमी चुकले. धाकट्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते. कायद्याचे मुद्दे महाराष्ट्रापुरते आहेत. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा. त्याची फी एका आरसीटीपेक्षा, म्हणजे रूट कॅनॉलपेक्षा, जास्त नसते.

किती जागा लागते?

एका खुर्चीच्या खोलीला साधारण दहा बाय दहा फूट धरा. खुर्ची आडवी केली की तिची लांबी सहा फुटांच्या वर जाते. तुम्ही डोक्याशी बसणार, मदतनीस डावीकडे, आणि मागे ट्रॉली व बेसिन. नऊ बाय नऊमध्येही बसतं, पण मग दार उघडताना दर वेळी कुणाला तरी सरकावं लागतं. त्याशिवाय बसायची जागा, निर्जंतुकीकरणाचा कोपरा, कॉम्प्रेसरची जागा आणि शौचालय. एक खुर्ची आज आणि दुसरी उद्या असा विचार असेल, तर ३५० ते ४०० चौरस फूट कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेत, नीट निभतं. अडीचशेतही दवाखाने चालतात, मी पाहिले आहेत. पण तिथे ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) पेशंटच्या डोक्याशी शिट्टी मारत असतो.

एजंट ५०० फूट म्हणाला, मोजली तर साडेतीनशे भरली. फसवलं का?

फसवलं असं नाही, त्याने ‘सुपर बिल्टअप’ सांगितलं. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, भिंतींची जाडी असं सगळं येतं. तुम्ही कार्पेट विचारा, आणि तोंडी आकड्यावर न थांबता टेप लावून स्वतः मोजा. दोन गाळ्यांची भाडी पडताळताना कार्पेटच्या दर फुटाला किती पडतं ते काढा. ‘महागडा’ गाळा कितीदा तरी स्वस्त निघतो.

शेजारी आधीच डेंटिस्ट आहे. ती जागा सोडून देऊ?

लगेच नको. ज्या चौकात तीन दवाखाने चालतात तिथे दात दाखवायला येणारी माणसं आहेत, एवढं तरी सिद्ध झालेलं असतं. अख्ख्या नव्या वसाहतीत एकही डेंटिस्ट नसेल, तर आधी संध्याकाळी तिथे जाऊन दिवे मोजा. निम्मे फ्लॅट अंधारात असले, तर ते गुंतवणुकीसाठी घेतलेले आहेत, आणि गुंतवणुकीला दाढदुखी होत नाही.

जागा एकदा पाहून ठरवू नका. कामाच्या दिवशी सकाळी अकराला, संध्याकाळी सातला, आणि रविवारी, अशा तीन वेळा जा. दुचाकी कुठे लावता येते ते पाहा. रस्त्यावर मेट्रो किंवा उड्डाणपुलाचं काम येणार आहे का, याची चौकशी करा. सिंहगड रस्त्यावर पुलाचं काम सुरू होतं तेव्हा तिथल्या दुकानदारांचे हाल मी जाता-येता पाहिले आहेत. पेशंट दुखणं सहन करेल, पण पार्किंग शोधत तीन चकरा मारणार नाही.

तळमजला की पहिला मजला?

परवडत असेल तर तळमजला. कवळीसाठी येणारे आजोबा आणि गुडघ्यांनी त्रस्त आजी हा आपला मोठा वर्ग आहे, आणि व्हीलचेअरवरचा पेशंट जिना चढून येऊ शकत नाही. पहिल्या मजल्याचं भाडं बरंच कमी असतं हे मान्य, पण लिफ्ट नसेल तर ते कमी भाडंही महाग पडतं. लिफ्ट असेल तर तिचं दार मोजा. खुर्चीचा खोका लिफ्टमध्ये न मावल्यामुळे हमालांनी जिन्यातून चढवला आणि कठड्याची भरपाई सोसायटीने डॉक्टरकडून घेतली, असं माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडलं आहे.

जागा बघायला जाताना सोबत कुणाला नेऊ?

प्लंबरला. इंटिरिअर डिझायनर नंतर.

हा सल्ला हसण्यावारी नेला जातो, म्हणून जरा विस्ताराने सांगते. कापडाचं दुकान हलवायचं तर कपाटं उचलायची. आपल्या खुर्चीखाली मात्र पाण्याची लाइन, सांडपाण्याची लाइन, कॉम्प्रेसरची हवा आणि वीज येते, शिवाय बहुतेक ठिकाणी तोंडातलं पाणी-लाळ ओढणाऱ्या सक्शनचीही वेगळी नळी. हे सगळं फरशीखाली गाडलेलं असतं, आणि जागा सोडताना यातलं काही उचलून नेता येत नाही. भाडं, अनामत, मुदत या सगळ्या चर्चा या गाडलेल्या पैशाभोवती फिरतात. घरमालकाला ते कळतं. आपल्याला बहुधा उशिरा कळतं.

प्लंबरला पहिला प्रश्न विचारा: ड्रेनेजचा उभा पाइप खुर्चीपासून किती फुटांवर आहे? सांडपाण्याच्या नळीला दर फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. उभा पाइप १५ फुटांवर असेल तर नुसता उतारच पावणेचार इंच झाला. त्यात पाइपची जाडी, वर कोबा आणि टाइल धरली, की जमीन सहा-सात इंच उचलावी लागते. म्हणजे दारात पायरी आली आणि छत तेवढंच खाली आलं. मघाच्या त्या आजींसाठी मग उताराची फळीही करा. उतार वाचवायला गेलात तर नळी तुंबते. आपल्या सांडपाण्यात रक्त, लाळ, अल्जिनेट (दातांचा साचा घ्यायचं मिश्रण), प्लास्टर असं काय काय असतं, त्यामुळे ती साध्या बेसिनपेक्षा लवकर तुंबते.

पहिल्या मजल्यावर दुसरा मार्ग असतो: स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्या गाळ्याच्या छताखालून न्यायचा. पण त्या छताखाली कुणाचा तरी संसार किंवा धंदा असतो. त्याची लेखी संमती आणि सोसायटीची परवानगी नसेल तर हा विचार सोडा. आज हो म्हणणारा शेजारी उद्या गाळा विकतो, आणि नव्या मालकाला डोक्यावरून जाणारी तुमची नळी खपत नाही.

तळमजल्यावर असाल तर बाहेरचं चेंबर उघडून बघा. शक्य असेल तर पावसाळ्यात बघा. माझी पहिली जागा मी मार्चमध्ये पाहिली होती. जुलैमध्ये चेंबर उलटं वाहू लागलं आणि स्पिटूनमधून, म्हणजे चूळ थुंकायच्या भांड्यातून, पाणी वर आलं. खुर्चीवर पेशंट होता.

पाण्याचं काय बघायचं?

महापालिकेचं येतं, बोअरचं येतं की टँकरचं, आणि किती तास. बोअरचं जड पाणी ऑटोक्लेव्ह आणि हँडपीस (दात कोरायचं हातातलं यंत्र) दोन्हींचं आयुष्य खातं, आतल्या बारीक नळ्यांत क्षार साठतात. असं असेल तर शुद्धीकरण यंत्राची जागा आणि खर्च आधीच धरा. खुर्चीला बाटलीतून पाणी देण्याची सोय असली तरी स्पिटून आणि बेसिनला नळच लागतो. गाळ्यासाठी स्वतंत्र टाकी ठेवू देणार का, हेही विचारून घ्या. इमारतीत दुपारी पाणी बंद होतं हे एजंट कधीच सांगत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा, त्या पाचच मिनिटांत सगळं सांगतात.

वीज?

दोन खुर्च्यांचा हिशेब मांडू. कॉम्प्रेसर दीड किलोवॅट, ऑटोक्लेव्ह दोन, दोन एसी मिळून साडेतीन, खुर्च्या आणि सक्शन दीड, दिवे-संगणक-फ्रिज एक. बेरीज साडेनऊ. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण जुन्या गाळ्याचं सिंगल फेज मीटर यात टिकत नाही. थ्री फेज लागेल, आणि वाढीव लोडचा अर्ज मालकाच्या नावाने करावा लागतो. त्याची संमती करारातच लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक सहीसाठी त्याच्या गावी फोन करत बसाल.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. महावितरणाच्या दररचनेत दवाखाने आणि रुग्णालयांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा गट आहे, आणि त्याचा दर व्यापारी दरापेक्षा कमी असतो. आधीच्या दुकानाचं मीटर व्यापारी गटात असतं, ते आपण तसंच पुढे चालवतो आणि वर्षानुवर्षं जास्त भरतो. बिलावरचा गट वाचा आणि बदलासाठी अर्ज करा.

फ्लॅटमध्ये दवाखाना काढता येतो का?

निवासी इमारतीत डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण दवाखान्यांना बांधकाम नियमावलीत वाट ठेवलेली आहे. पण कुठला मजला, किती क्षेत्र, वेगळा जिना हवा का, अशा अटी असतात. मुंबईला स्वतःची नियमावली आहे, तर राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित नियमावली लागते. फ्लॅट पसंत पडला तर आधी स्थानिक वास्तुविशारदाकडून लेखी मत घ्या. ‘इथे पूर्वी डॉक्टर होते’ हा पुरावा नव्हे. ते डॉक्टर का गेले हे कोण सांगणार?

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (वापराला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, हे फ्लॅट असो वा गाळा, बघाच. ते नसलेल्या इमारतीत पाण्याच्या जोडणीपासून पुढच्या सगळ्या परवानग्या रखडतात. आणि गाळा म्हणून दाखवलेली जागा मंजूर नकाशात पार्किंग तर नाही ना, हेही पाहा. हसू नका, असे गाळे भरपूर आहेत.

सोसायटीवाले विरोध करतात. काय करू?

त्यांची भीती समजून घ्या. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं, जिन्यात चपला, कचऱ्यात सुया, आणि दुपारी दोन ते चार ‘घर्रर्र’ आवाज. कॉम्प्रेसर तेलविरहित आणि आवाजरोधक पेटीत घ्या, तो भिंतीला न टेकवता रबराच्या पायांवर ठेवा, आणि पहिल्या भेटीतच हे सांगा. कचरा वेगळी गाडी नेते हेही सांगा. समितीचं ना-हरकत पत्र लेखी घ्या. अध्यक्ष बदलले की तोंडी शब्दही बदलतो.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ते कोण भरणार, हे करारात लिहा. मी लिहिलं नव्हतं.

११ महिन्यांचा करार करावा का? सगळे तोच करतात.

महाराष्ट्रात ११ महिन्यांना काही अर्थ नाही. इतरत्र एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नसते, त्यातून ही प्रथा पडली. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार प्रत्येक लेखी भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. त्याने ती टाळली तर दंडाची आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

आणि आपल्या धंद्याला ११ महिने म्हणजे चेष्टाच आहे. फरशीत पाच-सहा लाख गाडायचे आणि अकराव्या महिन्यात मालकासमोर हात जोडून उभं राहायचं. मी राहिले आहे. भाडं एका फटक्यात २५ टक्के वाढलं आणि मी मुकाट्याने दिलं, कारण नव्या जागी पुन्हा फरशी फोडायची म्हणजे त्याच्या चौपट खर्च होता. मालकाने माझ्या डोळ्यांदेखत हा हिशेब केला होता.

मग लीज चांगली की लिव्ह अँड लायसन्स?

लीजमध्ये जागेत तुमचा हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, जागेचा ताबा कायद्याच्या नजरेत मालकाचाच राहतो. महाराष्ट्रातले मालक भाडेकरू कायद्याला इतके घाबरतात, की लहान गाळ्याला लीज क्वचितच देतात. शिवाय लायसन्सची मुदत ६० महिन्यांपुढे गेली, तर मुद्रांक शुल्क लीजप्रमाणे जागेच्या बाजारमूल्यावर लागतं. पाच ते दहा वर्षांच्या लीजला बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवर खरेदीच्या दराने, म्हणजे ६० लाखांच्या गाळ्याला १५ लाखांवर. त्यामुळे व्यवहारात ६० महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स हाच मार्ग उरतो. तोच घ्या, पण त्यातले खड्डे ओळखून.

पहिला खड्डा. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ नुसार मालकाने जागा विकली, तर नवा मालक जुन्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षी गाळा विकला गेला आणि नव्या मालकाला तिथे मुलासाठी मोबाइलचं दुकान काढायचं असलं, तर तुमचा ६० महिन्यांचा करार त्याला थेट लागू होत नाही. भरपाई मागायची ती जुन्या मालकाकडे, आणि तो एव्हाना मुलीकडे अमेरिकेत. म्हणून करारात लिहून घ्या, की विक्री करायची तर आधी तुम्हाला विचारायचं, नव्या मालकाकडून हाच करार लेखी मान्य करून घ्यायचा, आणि तसं झालं नाही तर गुंतवणुकीची न भरून निघालेली रक्कम मालकाने द्यायची. रकमेचं कोष्टक वर्षागणिक जोडा. असं कलम वाचल्यावर मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो, पण निम्मे तरी मान्य करतात.

दुसरा खड्डा: लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. उद्या तुम्हाला चालता दवाखाना विकायचा असेल, तर जागा त्यासोबत जात नाही. ‘मालकाच्या संमतीने दुसऱ्या नोंदणीकृत दंतवैद्याच्या नावे नवा करार’ अशी वाट आधीच ठेवा.

तिसरा: जागेवर मालकाचं कर्ज आहे का, ते विचारा. असेल तर भाड्याने द्यायला बँकेची लेखी संमती मागा. हप्ते थकले तर बँक दारात येते आणि तिला तुमच्या कराराचं सोयरसुतक नसतं.

लॉक-इन किती ठेवू?

लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ. दोघांना वेगवेगळं. मालकासाठी पूर्ण ६० महिने, म्हणजे भाडं वेळेवर येत असताना त्याला तुम्हाला काढता येऊ नये. तुमच्यासाठी १२ महिने पुरेत, पुढे तीन महिन्यांची नोटीस. मालक म्हणेल, ‘दोघांना सारखंच ठेवू.’ त्याला शांतपणे सांगा की त्याचा गाळा त्याच्याकडे परत येणार आहे, तुमची फरशी तुमच्याकडे येणार नाही.

स्टँप ड्युटी किती लागेल?

६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के गृहीत व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं ४० हजार, अनामत २ लाख ४० हजार, मुदत ६० महिने असं धरा. भाडं २४ लाख, गृहीत व्याज १ लाख २० हजार, एकूण २५ लाख २० हजार. त्यावर ड्युटी ६,३०० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार. एवढ्यासाठी करार न नोंदवणारे लोक आहेत! नोंदणी ऑनलाइनही होते. आधार आणि बोटांचे ठसे घ्यायला माणूस घरी येतो, त्याची फी वेगळी.

भाडं दरवर्षी किती वाढावं?

पाच टक्क्यांवर अडून बसा. ४० हजारांचं भाडं ५ टक्क्यांनी वाढत पाचव्या वर्षी ४८,६२० होतं. १० टक्क्यांनी ५८,५६४. महिन्याला जवळपास दहा हजारांचा फरक, आणि तो नेमका तेव्हा पडतो जेव्हा खुर्चीची गादी बदलायला आलेली असते. मालमत्ता कर मालकाने भरायचा, आणि बिगरनिवासी वापरामुळे तो वाढला तरी भाड्यात बसवायचा की वेगळा मागायचा, ते आधीच ठरवा.

आतलं काम चालू असतानाचं भाडं माफ करून घ्या. ४५ दिवस मागा, ३० मिळतील.

अनामत?

पुण्यात लहान गाळ्याला तीन ते सहा महिन्यांचं भाडं मागतात, मुंबईत त्याहून जास्तीची तयारी ठेवा. रोख कधीच देऊ नका. किल्ली आणि धनादेश एकाच दिवशी बदलायचे, हे वाक्य करारात हवं. ‘रंगरंगोटीपोटी योग्य ती कपात’ या शब्दांवर काट मारा, कारण ‘योग्य’ काय ते मालक ठरवतो.

भाड्यावर जीएसटी लागतो? टीडीएस?

मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के लागतो. दातांवरचे उपचार ही आरोग्यसेवा जीएसटीमुक्त आहे, म्हणून या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. ४० हजारांचं भाडं तुम्हाला ४७,२०० ला पडतं. त्यामुळे दोन जागांत डळमळत असाल, तर मालक नोंदणीकृत आहे का हा प्रश्न भाड्याइतकाच मोठा आहे. केवळ सौंदर्यासाठीची कामं या सवलतीत बसतीलच असं नाही, ते सीएला विचारा.

महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल, तर टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा मालकाचा आयकर) कापायची जबाबदारी तुमची. ऑडिटच्या कक्षेत न येणाऱ्या व्यक्तीसाठी हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला आहे. पन्नासच्या आत असाल तर पुढच्या प्रश्नाकडे वळा.

एक्स-रेमुळे जागेवर काही बंधन येतं का?

येतं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर यंत्राची रीतसर परवानगी घ्यावी लागते, आणि यंत्र मंडळाने मान्यता दिलेल्या प्रकारचंच हवं. एक-दोन दातांचा डिजिटल एक्स-रे काढणाऱ्या लहान आरव्हीजीच्या यंत्राला फार अडचण नसते. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) आणायचा बेत असेल तर भिंतींकडे बघा. नऊ इंची विटांची भिंत असेल तर बरं. जिप्समचं पार्टिशन असेल तर त्यात शिशाचा पत्रा बसवावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. भिंतीपलीकडे कोण बसतं हेही बघा. पलीकडे पाळणाघर असलेला एक गाळा मी सोडला. यंत्र दुसऱ्या जागी हलवलं की कागदपत्रंही बदलावी लागतात.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी जागा ठेवावी लागते?

छोटी, पण ठेवावी लागते. २०१६ च्या नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, आणि ते एकदाच घ्यायचं असतं. पिवळ्या पिशवीत काढलेले दात आणि रक्ताळलेला कापूस, लालमध्ये हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या, पांढऱ्या टणक डब्यात सुया, निळ्यात काच. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. म्हणून जागा घ्यायच्या आधीच असा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी त्या भागात येते का, हे फोन करून विचारा. शहराच्या हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतींत इथेच अडतं.

पाटीबद्दल काही?

मराठीत हवी, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांनाही हे लागू झालं. प्रकाशाच्या पाटीला महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागू शकते. इमारतीच्या दर्शनी भागावर किती बाय किती फूट पाटी लावणार, ते माप करारात टाका. नाहीतर वरचा कोचिंग क्लास तुमच्या नावावर त्याचा गुणवत्ता यादीचा फलक सोडतो.

चालू दवाखाना जागेसकट घ्यायचा आहे. स्वस्तात मिळतोय.

आधी मालकाला भेटा, डॉक्टरला नंतर. जुन्या डॉक्टरचा करार किती उरला आहे यावर काही अवलंबून नाही, कारण तो तुमच्या नावे होत नाही. नवा करार, नवं भाडं, पूर्ण ६० महिने हे कागदावर येईपर्यंत खुर्चीसाठी एक रुपया देऊ नका. मग खुर्ची चालवून बघा, ड्रेनेजमध्ये बादलीभर पाणी ओता, आणि वीजबिल, मेंटेनन्स, कचऱ्याचं बिल यांच्या थकबाकीचे दाखले घ्या. फरशीखालचं काम तयार मिळतं हा यातला खरा फायदा आहे, आणि त्यापोटी थोडे जास्त मोजायला माझी हरकत नाही.

मुंबईत पागडीचा गाळा मिळतोय, घेऊ का?

दादर-गिरगावात मोक्याची जागा सुरुवातीला मोठी एकरकमी रक्कम (पागडी) देऊन कमी मासिक भाड्यात मिळते ती अशीच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली आहे. पण मालकाची संमती, तुमच्या नावाची भाडेपावती आणि पुनर्विकासात तुम्हाला काय मिळणार, ही तिन्ही लेखी नसतील तर पैसे टाकू नका. जुन्या इमारतीचा ड्रेनेज हा त्यानंतरचा प्रश्न. तिथे प्लंबरसोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरही न्या.

मालक म्हणतो, आज टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय.

येऊ दे. फारच आवडली असेल तर छोटी रक्कम द्या, पण धनादेशाने, आणि पावतीवर ‘कागदपत्रं समाधानकारक नसल्यास पूर्ण परत’ असं लिहून घ्या. एजंटची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं असते, आणि ती करार नोंदवल्यावरच द्यायची. टोकनच्या दिवशी दलाली मागणारा एजंट नोंदणीच्या दिवशी फोन उचलत नाही.

जागा सोडताना काय काय नेता येतं?

खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, एसी, इन्व्हर्टर आणि स्क्रूने बसवलेली कपाटं. याची यादी करार करतानाच जोडा आणि पहिल्या दिवशीचे फोटो दोघांच्या सहीने ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी एसी कुणाचा यावर तास जातो. ‘जागा मूळ स्थितीत परत द्यावी’ असं कलम असेल तर ते काढून टाका किंवा ‘पाइप बंद करून, सपाट फरशीसह’ असं बदला. माझ्या पहिल्या करारात ते तसंच राहिलं होतं. जाताना मी माझ्याच पैशाने उचललेली फरशी माझ्याच पैशाने फोडून दिली, आणि तीन महिन्यांनी तिथे आलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने ती पुन्हा उचलून घेतली.